मागच्या अंगणातला चर

हॅलोताई दार उघडतानाही ‘हॅलो’ म्हणायच्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढल्यावर जिभेला जे वळण पडलं ते पडलंच. दारात दूधवाला असो नाहीतर नवी सून, पहिला शब्द तोच, आणि तोही इतका गोड, की समोरच्याला क्षणभर वाटावं आपण फार लांबून बोलतोय.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना एक्स्चेंजमधला एक जुना काळा फोन भेट दिला. ताईंनी तो घरी आणला, त्याचं पोट मोकळं केलं, माती भरली आणि पुदिना लावला. थोरले म्हणजे त्यांचे यजमान म्हणाले, “भेटवस्तूचे असे हाल कुणी करतं का?” ताई म्हणाल्या, “एकतीस वर्षं त्याने माझं डोकं खाल्लं. आता मी त्याची चटणी खाते.”

त्या फोनातल्या पुदिन्याने ताईंना मातीचा नाद लागला आणि मातीच्या नादाने रविवारची टोळी मिळाली.

टोळी म्हणजे वस्तीतलीच चौदा-पंधरा माणसं. दर रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून कुणा एकाच्या घरी जायचं आणि दुपारपर्यंत त्याच्या अंगणात राबायचं. कुठे वाफे करायचे, कुठे पालापाचोळ्याचं खत घालायचं, कुठे गच्चीवरचं पाणी पिंपात आणायचं. टोळीचे म्होरके भूगोल सर. शाळेत पस्तीस वर्षं त्यांनी फळ्यावर नद्या काढल्या होत्या, आता खऱ्या मातीत काढत होते. ते या प्रकाराला ‘पर्माकल्चर’ म्हणत आणि घरातलं काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही, पाणीसुद्धा, असं समजावून सांगत. घरांना रंग देणारा पेंटर त्याला ‘मातीकाम’ म्हणे. दातांची डॉक्टरीण काहीच म्हणत नसे. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडांत बघून झाल्यावर तिला रविवारी फक्त कुदळ हवी असे.

टोळीचे नियम दोनच. पहिला, ज्याच्या घरी काम त्याने हत्यार धरायचं नाही. फावडं नाही, घमेलं नाही, खुरपंसुद्धा नाही. हा नियम अनुभवातून आला होता. घरमालक हातात फावडं घेऊन मध्ये उभा राहिला की “जपून हं, तिथे माझा गुलाब आहे” असं करत दिवसाचा बट्ट्याबोळ करतो. त्याने स्वयंपाकघर सांभाळायचं आणि विचारलं तर सांगायचं. दुसरा नियम, घरचं तोंड एकच. नवरा म्हणतो इथे खणा, बायको म्हणते तिथे, असं चालायचं नाही. आत जाऊन भांडा, ठरवा आणि एकाच आवाजात सांगा, तोवर टोळी बसून राहील.

ताईंनी टोळीचा दोन वर्षांत एकही रविवार चुकवला नव्हता. दुसऱ्यांच्या अंगणात त्या अशा राबत की पेंटर म्हणे, “हॅलोताई, जरा दमाने घ्या. मातीला काय ट्रंककॉल लावायचाय?” पण स्वतःची पाळी आली की ताई ती पुढे ढकलत. कधी पाहुणे येणार असत, कधी कंबर धरलेली असे, कधी थोरल्यांना सर्दी.

खरं कारण भिंतीपलीकडे राहत होतं.

ताईंचं घर आणि त्यांच्या धाकट्या जावेचं घर म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे. पुढची दारं वेगळी, मागचं अंगण एक. दोघे भाऊ चौकात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत. दिवसभर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसत, एकाच डब्यातलं खात आणि एकाच पान्यावरून भांडत. त्यांच्या बायका मात्र सहा वर्षं एकमेकींशी अवाक्षर बोललेल्या नव्हत्या.

असं नेहमीच नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा नर्सिंगचं शेवटचं वर्ष करत होती. तिची परीक्षा ताईंनी दिली असं थोरले चेष्टेने म्हणत, कारण स्वयंपाक करता करता ताईच तिला हाडांची नावं विचारायच्या. पोळी लाटता लाटता “कोपराच्या खाली काय?” आणि धाकटी कणीक मळत उत्तर द्यायची. अकरा वर्षं दोघींची चूल एक होती. मग मुलं मोठी झाली, घर अपुरं पडायला लागलं, मध्ये भिंत आली. ती भिंतसुद्धा दोघींनी हसत-खिदळत उभी करून घेतली. भिंतीने काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते पाण्याने.

ताईंच्या मागच्या दाराशी धुण्याचा दगड होता. अंगणाला उतार होता धाकटीच्या बाजूला. दगडावरचं साबणाचं पाणी वाट काढत काढत जाई आणि धाकटीच्या मागच्या दारापाशी तळं करून बसे. तिथे चिखल होई, डास होत, वास येई. धाकटीने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं त्या दिवशी ताईंच्या एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रं आली होती, अर्ध्या बायकांच्या बदल्या झाल्या होत्या आणि ताईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या तडकून बोलून गेल्या, “एवढासा वास सोसत नाही तर नर्स कशाला झालीस?”

दुसऱ्या दिवशी धाकटीने कुठूनशा विटा आणल्या आणि आपल्या दारापुढे एक बुटकी रांग रचून वर सिमेंटचा हात फिरवला. आता पाणी तिच्याकडे जाईना. ते उलटं फिरून ताईंच्या कोठीच्या खोलीत शिरू लागलं. त्या दिवसापासून दोघींमधला संवाद नवऱ्यांच्या मार्फत सुरू झाला. “तिला सांगा, गॅसवाला येऊन गेला.” “त्यांना सांगा, कळलं.” भाऊ बिचारे निरोप पोचवत. थोरल्यांनी एकदा जेवताना म्हटलं, “बाई, तू अख्ख्या जगाचे फोन जोडून दिलेस. तुझ्याच घरातली लाइन सहा वर्षं बंद, आणि मध्ये ऑपरेटर म्हणून मी!” ताईंनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. तोंड बंद करायचा तो त्यांचा खात्रीचा उपाय होता.

आता सहा वर्षांनी जाऊन ‘चुकलं’ म्हणायचं, तर ते कुठल्या तोंडाने? ताईंनी दुसऱ्यांच्या अंगणात खत कालवताना त्यावर पुष्कळ विचार केला आणि त्यांना एक उपाय सुचला, बोलल्याशिवाय माफी मागायचा. आपल्या दगडाचं पाणी आपल्याच हद्दीत मुरवायचं. दगडाशेजारी मोठा खड्डा, त्यात पालापाचोळा, कडेने केळी. पाणी पलीकडे जाणारच नाही. मग एक दिवस धाकटी मागच्या दारात येईल, बघेल की जमीन कोरडी आहे, विटांची गरज उरली नाही, आणि समजायचं ते समजेल. हुशार बाई आहे.

म्हणून त्यांनी पाळी घेतली, आणि घेतली तीही धाकटीची सकाळची ड्युटी असलेल्या रविवारी. ती दोनच्या पुढे यायची. तोवर सगळं उरकलेलं असेल.

टोळी साडेसातला आली. ताईंनी अंगणात जाऊन दगड दाखवला, शेजारची जागा दाखवली. “इथे खड्डा. बास. बाकी काही नको.” आणि नियमाप्रमाणे आत जाऊन बटाटे सोलायला बसल्या. थोरले आणि दीर दोघेही दुकानात पळाले होते. रविवारी दुकान बंद असतं, पण दोघांनाही अचानक एक जुनं काम आठवलं होतं.

नऊच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीत पेंटरचं डोकं आलं.

“ताई, खड्डा काही होत नाही. दीड फुटावर कातळ लागलाय. पहार टणटण वाजतेय नुसती. सर म्हणतात, खड्ड्याऐवजी चर काढू. उथळ, लांबडा. पाणी पसरून मुरेल.”

गॅसवर दोन कुकर होते, डाळ उतू चालली होती आणि मीठ घातलं की नाही ते ताईंना आठवत नव्हतं.

“काढा, काढा. सरांना योग्य वाटेल तसं करा.”

“बघून जाता का?”

“मी नाही बाई बाहेर येत. नियम म्हणजे नियम.”

इथे चूक कुणाची, हे पुढे बरेच दिवस वस्तीत चघळलं गेलं. पेंटरचं म्हणणं ताईंची. डॉक्टरणीचं म्हणणं सरांची. सरांचं म्हणणं, कुणाचीच नाही, जमिनीची. कारण असा चर मनाला येईल तिथे काढता येत नाही. तो सगळीकडे एकाच पातळीवर असावा लागतो, नाहीतर पाणी मुरायच्या ऐवजी पळतं. ती पातळी शोधायला सरांकडे एक घोडी होती. दोन लांब काठ्या वर बांधलेल्या, मध्ये एक आडवी काठी आणि वरून दोरीला लोंबणारा लोखंडी नट. एक पाय इथे, दुसरा तिथे टेकवायचा. नट आडव्या काठीवरच्या खुणेसमोर थांबला, की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे चुन्याची चिमूट टाकायची, घोडी फिरवायची, पुढचा पाय शोधायचा. काम मोठं गमतीचं, फक्त एवढंच, की माणसाची नजर त्या नटावरून हलत नाही.

सर नटाकडे बघत चालले. पेंटर चुना टाकत मागून. वाटेत कपड्यांची एक दोरी आडवी येत होती, ती त्यांनी सोडून नीट गुंडाळून ठेवली. ती दोरी म्हणजे दोन्ही घरांची हद्द होती, पण तसं तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. पुढे विटांची एक बुटकी रांग लागली. कुणीतरी म्हणालं, वा, काठाला लावायला विटा आयत्याच मिळाल्या. सिमेंट जुनं होतं, एका दणक्यात सुटलं.

दीड वाजता ताई सरबताचं पातेलं घेऊन मागच्या दारात आल्या. “हॅलो, चला, आधी घसा—” एवढंच त्या बोलल्या.

चर सुंदर झाला होता. हातभर रुंद, वीतभर खोल, आत सुकं गवत अंथरलेलं. तो ताईंच्या दगडाच्या खालून निघाला होता, एखाद्या निवांत माणसासारखा वळणं घेत अंगणभर फिरला होता आणि धाकटीच्या दारापासून जेमतेम दोन हातांवरून जाऊन पेरूच्या झाडापाशी थांबला होता.

ताईंनी पातेलं पायरीवर ठेवलं.

“विटा,” त्या म्हणाल्या. “इथल्या विटा कुठेत?”

“काठाला लावल्या की!” पेंटर खुशीत होता. “वाया काही जाऊ द्यायचं नाही, सरच म्हणतात.”

ताईंनी पायरीवर बसून सगळं सांगितलं. हद्द, विटा, सहा वर्षं, सगळं. सांगताना त्यांना रडू येत नव्हतं, उलट अंगातलं सगळं बळ गोळा होत होतं. “माझं पाणी तिच्या दारात जाऊ नये म्हणून मी हा घाट घातला. आणि तुम्ही त्याला राजमार्ग करून दिलात! आता ती येईल, बघेल, की मी तिची ड्युटी साधून तिच्या अंगणात घुसले. आज बोलत नाही, उद्यापासून बघणारही नाही. बुजवा. आत्ताच्या आत्ता बुजवा.”

सगळ्यांनी आपापल्या फावड्याकडे पाहिलं. चौदा माणसं, सहा तासांचं काम.

“ताई, पण पाण्याच्या दृष्टीने—” सरांनी सुरुवात केली.

“सर, पाण्याची दृष्टी राहू द्या. घरचं तोंड मी. मी सांगते, बुजवा.”

नियम म्हणजे नियम. डॉक्टरणीने सुस्कारा सोडला आणि पहिलं फावडं टाकलं. “सगळ्यात निरोगी दात उपटायला लावताय,” ती पुटपुटली, पण टाकलं.

राहिला प्रश्न विटांचा. त्या किती होत्या, कशा होत्या, कुणालाच आठवेना.

“अकरा,” ताई म्हणाल्या. “तिसरी अर्धी तुटकी. पाचवी जरा पुढे आलेली. शेवटची उभी.” सहा वर्षं रोज सकाळी दात घासताना त्यांनी दुसरं पाहिलंच काय होतं?

आणि मग त्यांना राहवलं नाही. पदर खोचून त्या धाकटीच्या दारापुढे गुडघे टेकून बसल्या आणि स्वतः विटा लावू लागल्या.

“ताई, हत्यार!” कुणीतरी ओरडलं.

“वीट म्हणजे हत्यार नव्हे,” ताई मान वर न करता म्हणाल्या. “तिसरी द्या. ती नाही, तुटकी.”

सातवी वीट लावत होत्या तेव्हा दार उघडलं.

धाकटी पांढऱ्या गणवेशात, खांद्याला पर्स, पायात अजून ड्युटीचे बूट. तिने अंगण पाहिलं. अर्धा खणलेला आणि अर्धा बुजवलेला चर पाहिला. चौदा चिखलात माखलेली माणसं पाहिली. आणि शेवटी पायाशी पाहिलं. तिथे तिची थोरली जाऊ गुडघ्यांवर येऊन, स्वतःच्याच पाण्याला अडवायची भिंत मोठ्या काळजीने जशीच्या तशी रचत होती.



“हे काय चाललंय?” धाकटीने विचारलं, ते सरांना.

सरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी घोडी उचलली, नट दाखवला, पातळी समजावली. पाणी कसं पसरेल, कसं मुरेल, दाराशी थेंब कसा साचणार नाही. धाकटीने शांतपणे ऐकून घेतलं. सलाइनचे थेंब मोजण्यात तिची हयात गेली होती. पाणी कुठून कुठे आणि किती वेगाने जातं हे तिला सांगावं लागत नव्हतं.

“मग बुजवताय कशाला?”

“घरच्यांनी सांगितलं.”

“घरच्या कोण? हा अर्धा भाग माझा आहे.”

सरांचा चेहरा एकदम उजळला. “मग तुम्हीही घरच्या!”

टोळीने एकदम फावडी खाली ठेवली आणि जो तो मिळेल तिथे बसला. पेंटरने सरबताचं पातेलं जवळ ओढलं. धाकटीला काही कळेना, तेव्हा डॉक्टरणीने नियम सांगितला. “घरच्या दोघी असतील तर दोघींनी मिळून ठरवायचं आणि एकच काय ते सांगायचं. तोवर आम्ही बसतो.”

“ठीक आहे,” धाकटी म्हणाली आणि सवयीने इकडेतिकडे बघितलं. भाऊजी नव्हते. नवराही नव्हता. शेवटी ती पेंटरलाच म्हणाली, “त्यांना सांगा, चर माझ्या दाराच्या फार जवळून जातोय.”

पेंटर ताईंकडे वळला. “त्या म्हणतात—”

“निरोप चालणार नाही,” डॉक्टरीण म्हणाली. तोंडात हत्यारं असलेल्या पेशंटला ‘हलू नका’ म्हणताना तिचा जो आवाज लागायचा, तोच लागला होता. “समोर आहेत त्या. दोन हातांवर.”

ताई अजून गुडघ्यांवरच होत्या. हातात सातवी वीट. त्यांच्या मनात आलं, उठावं आणि घरात जाऊन कडी लावावी. पण उठायला कुणाचा तरी हात लागला असता.

“किती लांब हवा?” त्यांनी विटेला विचारलं.

वरून उत्तर आलं, “निदान चार हात.”

“चारच?”

“पाच चालेल. सहासुद्धा. वास येतो मला. नर्स असले तरी.”

झालं. ते वाक्य सहा वर्षं तिने जपून ठेवलं होतं आणि आता चौदा माणसांसमोर घडी न मोडता बाहेर काढलं होतं. पेंटरचा पेला ओठांपाशीच थांबला.

ताईंनी वीट खाली ठेवली.

“मी म्हटलं होतं तसं,” त्या म्हणाल्या. “असं म्हणायला नको होतं. त्याच संध्याकाळी कळलं होतं मला. पण तू विटा लावल्यास आणि मलाही चेव चढला. चुकलं माझं. सहा वर्षं चुकतंच आहे.”

“मीही कोठीत पाणी शिरताना बघत होते,” धाकटी म्हणाली. “खिडकीतून. खोटं कशाला बोलू, पहिले चार दिवस मजा वाटली.”

“आणि मग?”

“मग तुमचे तांदूळ भिजले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.”

“मला सांगायचंस ना!”

“कुणाकरवी सांगणार? भाऊजींना सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला येऊन सांगितलं असतं, ‘ती तुझ्या तांदळासाठी उपाशी आहे.’ कसं वाटलं असतं ते?”

ताईंना हसू फुटलं. थोरल्यांचा तो निरोप्याचा गंभीर चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहिला. धाकटीच्याही राहिला असणार, कारण तिने पर्स तोंडापुढे धरली. मग दोघींपैकी कुणालाच ते आवरेना. टोळी आधी बिचकली आणि मग तीही हसायला लागली, कशाला ते अर्ध्यांना ठाऊक नव्हतं.

“बायांनो, हसून झालं असेल तर,” पेंटर म्हणाला, “चर कुठून काढायचा? ऊन डोक्यावर आहे.”

धाकटीने ताईंना काखेत हात घालून उठवलं. अगदी नर्स उठवते तसं, पाठीला आधार देऊन, एका दमात. आणि तसाच दंड धरून ठेवून विचारू लागली. चर वर सरकवायचा तर काय करावं लागेल? सरांनी घोडी लावून बघितली. दारापासून पाच हात लांब न्यायचा, तर त्याचं तोंडही तेवढंच वर घ्यावं लागत होतं. आणि तिथे, नेमका तिथे, ताईंचा धुण्याचा दगड होता.

“दगड हलवा,” ताई म्हणाल्या.

“अहो, अठ्ठावीस वर्षं तिथे आहे तो,” धाकटी म्हणाली.

“म्हणूनच. कंटाळला असेल.”

“आणि तुम्ही धुणार कुठे? मशीनमध्ये तर तुम्ही टॉवेलसुद्धा टाकत नाही. कॉलर निघत नाहीत म्हणता.”

“तुला काय माहीत मी काय म्हणते?”

“भिंत केवढीशी आहे! सगळं ऐकू येतं.” धाकटी सरांकडे वळली. “दगड वरच्या नळापाशी घ्या. आणि खाली दोन विटांची उंची द्या. वाकून वाकून यांच्या कमरेचं वाटोळं झालंय. चालतात कशा बघा, मी रोज बघते.”

“एकाच आवाजात सांगा,” डॉक्टरीण म्हणाली.

“नळापाशी,” दोघी म्हणाल्या. एका आवाजात मात्र नाही. धाकटी अर्धा शब्द मागे होती.

टोळी उठली. दगड हलवायला सहा जण लागले आणि त्याच्या खाली एक हरवलेला चमचा सापडला. तो आपला की धाकटीचा यावर दोघींचं तिथेच वाजलं, आणि सर हात जोडून म्हणाले की चमच्याला आपला नियम लागू नाही. नवा चर तासाभरात झाला. भुसभुशीत झालेल्या मातीत फावडी सरसर चालत होती आणि दमलेल्या माणसांना दुसऱ्यांदा दम येतो तसा सगळ्यांना आला होता. दोघी घरच्या, म्हणून दोघींनाही हत्यार नाही. त्या पायरीवर बसून होत्या. ताईंनी डावीकडे बोट दाखवलं की धाकटी उजवीकडे दाखवी आणि मग दोघी कुजबुजून तिसरीकडे दाखवत. पेंटर म्हणाला, “अबोला होता तेच बरं होतं. काम तरी सुखाने चालायचं.”

शेवटी पाणी सोडून बघायची वेळ आली. ताईंनी नव्या जागच्या दगडावर बादली ओतली. पाणी घरंगळत चरात उतरलं, क्षणभर अडखळलं आणि मग गवताखालून पुढे पुढे सरकू लागलं. दोघी त्याच्या बरोबरीने चालत निघाल्या, काठाकाठाने, साडी आणि गणवेश सांभाळत. ताईंच्या हद्दीत पाणी जरा घाईत होतं. धाकटीच्या हद्दीत शिरलं तेव्हा पसरलं आणि संथ झालं. दारासमोरून, चांगलं पाच हातांवरून, ते गेलं तेव्हा धाकटी खाली वाकली आणि तिने खोल श्वास घेतला.

“काय?” ताईंनी धसकून विचारलं.

“मातीचा वास येतोय,” धाकटी म्हणाली. “नुसता मातीचा.”

जेवायला साडेतीन वाजले. पायऱ्यांवर, उलट्या घमेल्यांवर, जागा मिळेल तिथे बसून टोळीने भात आणि बटाट्याची भाजी चेपली. मीठ अखेर दोनदा पडलं होतं, पण बोललं कुणीच नाही. धाकटीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाली, “ताई, डोकं ठिकाणावर नसलं की तुमच्या हातून मीठ डबल पडतं. अजून तसंच.” ताई म्हणाल्या, “मग भात जास्त घे.” तिने घेतला. तीन वेळा घेतला.

सगळे गेल्यावर अंगणात त्या दोघीच राहिल्या. ऊन उतरलं होतं. धाकटीने अजून गणवेश बदलला नव्हता, त्याच्या पुढच्या बाजूला चिखलाची बोटं उमटली होती आणि ती तिच्या लक्षातही नव्हती. चराच्या काठावर काय लावायचं हे सरांनी दोघींवर सोपवलं होतं.

“केळी,” ताई म्हणाल्या.

“दवाखान्याच्या मागे आहेत पुष्कळ. माळी माझ्या ओळखीचा आहे. मंगळवारी कंद आणते.”

“दोन आण. एक तुझ्या बाजूला, एक माझ्या.”

धाकटीने चराची लांबी नजरेने मोजली. मग ताईंकडे पाहिलं, वरून खालपर्यंत, पेशंटकडे बघतात तसं.

“चार आणते,” ती म्हणाली. “तुम्ही पाणी घालणार म्हणजे दोन तर नक्की कुजणार.”